ट्रकचा कागद, माणसाचा कागद

मुकुटबनच्या रस्त्यावरून धावणारा भरलेला ट्रक कागदांच्या जिवावर चालतो. नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी हे त्याचे कायमचे कागद. रोजचे वेगळे. खाणीतून निघाला की चलान, काट्यावर चढला की वजनाची पावती, कारखान्याच्या फाटकातून गेला की गेटपास, माल विकून निघाला असेल तर ई-वे बिल, पुढे हायवेच्या टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद. तो कधी कुठे होता, किती टन घेऊन होता, कोणाच्या मालकीचा होता, हे कुठे ना कुठे लिहिलेलं असतं. त्याच रस्त्याने सायकलला ढेपीचं पोतं बांधून गावाकडे निघालेल्या सालदाराबद्दल, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याबद्दल, कुणी कुठे काही लिहून ठेवलेलं नसतं. अपघात झाला की हे दोघे पुन्हा एकदा समोरासमोर येतात, न्यायाधिकरणात. तिथे कागद बोलतो. सालदाराच्या बाजूचा कागद उभा करणं हे माझं काम.

मी वकील नाही. पांढरकवड्याच्या एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे, राहायला मुकुटबनला. अपघाताच्या दाव्याला आमच्याकडे सगळे ‘क्लेम’ म्हणतात. क्लेममध्ये साहेब उभे राहतात, साक्षी-पुरावा घेतात, निवाडे दाखवतात. त्यांच्या हातातली फाइल मात्र ठाणं, दवाखाना, काटा, तलाठी कार्यालय, शाळा आणि वावरांचे धुरे फिरून जमलेली असते. ते फिरणं माझ्याकडे.

आमचा भाग ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. झरी-जामणी तालुका, जिल्हा यवतमाळ. वर वणी, खाली पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादला जाणारी रेल्वे मुकुटबनवरून जाते. जमिनीखाली चुनखडी, डोलोमाइट आणि कोळसा; जमिनीवर कापूस, सोयाबीन आणि तूर. मार्की-मांगलीकडे कोळसा, अडेगावकडे डोलोमाइट. २०२२ मध्ये मुकुटबनला वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. बैलबंडी, शाळेची पोरं, बाजाराला येणारे कोलाम आणि गोंड यांच्या रस्त्यावर दहाचाकी, बाराचाकी, बल्कर, टिप्पर चालतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या दहाचाकी ट्रकला मालासकट २५ टनांची मुभा होती, ती साडेअठ्ठावीस झाली. एवढं वजन वेगात असताना ब्रेक दाबून जागच्या जागी थांबत नाही, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

ज्या प्रकरणाच्या आधाराने हे लिहितोय ते १ जुलै २०२४ नंतरचं, म्हणजे भारतीय न्याय संहिता आल्यावरचं. कापूस वेचणीचे दिवस. चौतीस वर्षांचा एक सालदार संध्याकाळी मुकुटबनच्या बाजारातून मालकाच्या बैलांसाठी ढेप घेऊन सायकलने गावाकडे निघाला. मागून आलेल्या टिप्परने त्याला उडवलं आणि टिप्पर निघून गेला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गुन्हा कलम २८१ आणि १२५ (ब) खाली नोंदला गेला. वाहनाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘अज्ञात’.

या एका शब्दाची किंमत आधी सांगतो. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली जी भरपाई मिळते ती गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख. गाडी सापडली तर दोन वाटा उघडतात. कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत, पण ते स्वीकारले की पुढचा दावा आटोपला. कलम १६६ मध्ये चूक सिद्ध करायची, उत्पन्न सिद्ध करायचं, अपंगत्व सिद्ध करायचं, आणि मग जे खरोखर गेलं त्याचा हिशेब मागायचा. पाय गेलेल्या मजुराला १६६ शिवाय पर्याय नसतो. त्यासाठी ‘अज्ञात’ हा शब्द आधी खोडला गेला पाहिजे.

सुरुवात रस्त्यावरून होते. पंचनामा पोलिसांचा; कारकुनाने त्यात हात घालू नये. पण रस्ता सगळ्यांचा असतो आणि मोबाइल खिशात असतो. मी मोजपट्टी जमिनीवर ठेवून फोटो काढतो. सायकल कुठे पडली, डांबराच्या कडेपासून किती फुटांवर, चाकाची खूण डांबरावर सुरू होऊन मातीत उतरली की मातीतून डांबरावर आली, काचा कुठवर उडाल्या. विमा कंपनीचा पहिला बचाव ठरलेला असतो: सायकलवाला अचानक रस्त्यावर आला. त्यावर उत्तर चाकाची खूणच देते. इथे ट्रकची जोडचाकं डांबर सोडून डावीकडच्या मुरमात उतरली होती आणि पोतं फुटून ढेप मुरमातच सांडली होती. माणूस कडेला होता आणि ट्रक कडेला आला. पंचनाम्यात हे फुटांसकट लिहिलं गेलं, कारण पंचांपैकी एकाने आग्रह धरून मोजमाप घ्यायला लावलं. तो गावातला सुतार होता. त्याला नुसत्या अंदाजावर काम करणं पटत नाही.

सांडलेल्या मालाकडेही बघावं लागतं. आमच्या रस्त्यावर काळी चुरी पडली असेल तर गाडी कोळशाची, पांढुरकी भुकटी असेल तर डोलोमाइटची किंवा चुनखडीची, करडी बारीक खडी असेल तर क्रशरवरची. इथे मुरमावर करडी खडी विखुरली होती. सोबत इंडिकेटरची नारिंगी काच. म्हणजे खाणी आणि कारखाना बाजूला ठेवून क्रशरच्या वाटेवर शोधायचं. चहाटपरीवाल्याने गाडी मागून पाहिली होती. त्याला नंबरचे शेवटचे दोन आकडे आठवत होते, आणि मागच्या फाळक्यावर रंगवलेला मोर.

त्या वाटेवर एक खासगी वजनकाटा आहे. रिकामी गाडी चढते, भरलेली चढते, दोन्ही वेळा कॉम्प्युटर नंबर, वजन आणि वेळ नोंदवतो. काटेवाला म्हणाला, पोलिसांचं पत्र आणा, मग देतो. त्याचं बरोबरच होतं. जखमीच्या बायकोच्या अंगठ्याने तपास अधिकाऱ्यांना अर्ज दिला, त्यांनी पत्र दिलं, आणि त्या संध्याकाळची यादी निघाली. त्या दोन आकड्यांची भरलेली गाडी एकच होती. काट्यावरून सुटण्याची वेळ आणि अपघाताची वेळ यांत त्या अंतराला लागतील तेवढीच मिनिटं. पुढचं सोपं होतं. नंबर मिळाला की मालक आणि विमा परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीवर दिसतात. गाडी ठाण्यात आणली गेली, मोटार वाहन निरीक्षकाने तपासली. डाव्या बाजूचा इंडिकेटर नवाकोरा आणि खालचा मडगार्ड दबलेला. फाळक्यावर मोर होताच.

काट्याची त्या फेरीची पावती ट्रकमालकाने भाड्याचे पैसे टनावर मिळावेत म्हणून ठेवली होती. ट्रकचे बहुतेक कागद असेच पैशांसाठी जन्मतात आणि वेळ आली की साक्षीला उपयोगी पडतात. म्हणून मी क्लेमच्या कामात आधी विचारतो की या गाडीवर त्या दिवशी कोणाकोणाला पैसे मिळायचे होते. त्या प्रत्येकाकडे एक नोंद असते.

कॅमेऱ्याचं थोडं निराळं आहे. कृषी केंद्र, पेट्रोल पंप, बार, ग्रामपंचायत, सगळीकडे आता कॅमेरे आहेत. पण रेकॉर्डरच्या डब्यातली जागा भरली की जुनं चित्र पुसून नवं चढतं. लहान दुकानात पंधरा-वीस दिवस टिकलं तरी खूप. दवाखान्यातून माणूस घरी यायच्या आत रस्त्यावरचा कॅमेरा विसरलेला असतो. म्हणून घरचे सगळे दवाखान्यात असले तरी एकाने गावात राहून दुकानं फिरावीत, असं मी सांगतो. चित्र मिळालं तरी काम संपत नाही. पेनड्राइव्ह न्यायाधिकरणासमोर ठेवायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. आधी ते कलम ६५ ब होतं. या प्रमाणपत्राबद्दलचा पक्का निकाल आपल्याच मराठवाड्यातल्या निवडणुकीच्या भांडणातून आला. २०१४ च्या जालना विधानसभेच्या निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर सगळं अडलं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आमदारकीच्या त्या वादामुळे या प्रकरणातल्या कृषी केंद्रवाल्याला डीव्हीआरचा मेक, नंबर आणि चित्राचा हॅश लिहिलेला कागद सही करून द्यावा लागला. त्याने तीनदा विचारलं, ‘कोर्टात यावं लागन का?’ मी त्याला खोटं सांगितलं नाही. लागू शकतं म्हणालो. तरीही त्याने सही केली.

टपरीवाल्याचं मन वळवणं अवघड गेलं. ‘भाऊ, पाहिलं तं पाहिलं. पण तिकडे पांढरकवड्याले तारखा कोण करन? दुकान कोण पाहीन?’ त्याने जखमीला उचलून ऑटोत घातलं होतं. अशा मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कायद्यात कलम १३४ अ आलं, आणि २०२० च्या नियमांनी त्याला नाव सांगण्याची सक्तीही ठेवली नाही. चांगलीच तरतूद आहे ती. माझ्या कामात मात्र ती उलटी पडते, कारण जो मदत करतो तोच बहुधा सगळ्यात जवळचा साक्षीदार असतो. त्याला भीती घालून आणता येत नाही, आणि आणूही नये. मी त्याला जखमीच्या घरी घेऊन गेलो. तिथे दोघे बोलले, चहा झाला. साक्ष द्यायचं त्याने आपणच ठरवलं. चार ओळींची साक्ष होती. मोर पाहिला, आकडे पाहिले, गाडी थांबली नाही. साहेब म्हणतात, साक्षीदार जितका कमी सांगतो तितका टिकतो.

क्लेममध्ये फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नसते, कोणती बाजू अधिक संभवते एवढं दिसलं तरी पुरतं. हिमाचलातल्या एका बसच्या प्रकरणात, बिमला देवींच्या दाव्यात, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. याचा अर्थ ढिलाई चालते असा मात्र कुणी घेऊ नये. विमा कंपनीचा वकील अनुभवी असतो आणि एका सैल दोऱ्यावरून सगळं उसवू शकतो. २०२२ च्या एप्रिलपासून पोलिसांनीही ४८ तासांत पहिला अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा नियम आहे. तो अहवाल फाइलचा कणा होतो. पण त्यात रस्ता असतो, गाडी असते, चालक असतो. जखमी माणसाच्या कमाईवर एखादी ओळ. तिथून पुढचं आपल्याला करावं लागतं.

चालकाबद्दल थोडं बोललं पाहिजे. तो नदीपलीकडचा, तेलुगू बोलणारा, वयाने जखमीएवढाच. पळाला कारण लोक मारतील असं वाटलं. जानेवारी २०२४ मध्ये पळून जाणाऱ्या चालकांच्या शिक्षेवरून देशभर ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि त्या शिक्षेचं पोटकलम सरकारने अजून लागू केलेलं नाही. क्लेमच्या फाइलमध्ये मला त्याचा परवाना हवा असतो, तेवढंच. परवाना खोटा निघाला तरी विमा कंपनी सहसा सुटत नाही. आधी जखमीला द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं, असा २००४ च्या स्वरणसिंग निकालापासूनचा रस्ता आहे. चालकाशी माझं भांडण नाही. त्याचाही पगार कुठे लिहिलेला नव्हता, हे मला त्याच्याशी बोलताना कळलं.

दवाखान्याचे कागद म्हणजे वेगळी मेहनत. माणूस आधी मुकुटबनच्या आरोग्य केंद्रात, मग वणीला, मग चंद्रपूर, यवतमाळ किंवा सेवाग्रामला जातो. प्रत्येक ठिकाणी कागद होतो आणि प्रत्येक प्रवासात काही हरवतो. एक्स-रेची फिल्म घरी खिळ्याला टांगलेली असते, डिस्चार्ज कार्डावर तेलाची बोटं. मी घरच्या बाईला एक प्लास्टिकची पिशवी देतो आणि सांगतो, दवाखान्यातून जे मिळेल ते यात; औषधाची चिठ्ठी, ऑटोची पावती, सगळं. १०८ ची रुग्णवाहिका कुठून पुढे लागली असेल तर तिच्या नोंदीत फोनची वेळ आणि जागा असते. अपघाताची वेळ सिद्ध करायला त्याहून निष्पक्ष साक्षीदार मिळत नाही. पहिल्या दवाखान्याच्या नोंदीत ‘ट्रक अपघात’ असा इतिहास लिहिला आहे की ‘सायकलवरून पडला’, हेही बघावं लागतं. घाबरलेला नातेवाईक काहीही बोलून जातो आणि पुढे ते वाक्य उलटतपासणीत वाचून दाखवलं जातं.

वयाचंही तसंच. भरपाई काढताना वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात, त्या गुणकाचा तक्ता वयावर चालतो. २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५. आमच्या भागात अनेकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदवताना तारीख माहीत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात दाव्यातच सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळा सोडल्याचा दाखला जास्त भरवशाचा. सालदार तिसरीत शाळा सोडून बैलांमागे गेला होता. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्याचं नाव सापडलं. मुख्याध्यापकांनी दाखला दिला आणि सहज म्हणाले, ‘हा पोरगा गणितात चांगला होता.’ ते काही फाइलला लागत नाही, पण मी त्याला जाऊन सांगितलं.

आता खरी अडचण. तो काय कमावत होता? सालदाराचा व्यवहार गुढीपाडव्याला तोंडी ठरतो. वर्षाचे इतके रुपये, इतके पायली धान्य, सणाला कपडे. कागद होत नाही. मी त्याला विचारलं तेव्हा तो वैतागला. ‘माह्या कामाचा कागद कायले पाह्यजे? वावर पाहा ना काकाजीचं. मीच वाह्यलं ते.’ वावर कोर्टात आणता येत नाही.

काकाजी, म्हणजे त्याचे मालक, वाईट माणूस नव्हते. दवाखान्यात पैसे घेऊन तेच धावले. पण लिहून देताना हात आखडला. ‘काम केलं म्हणून लिवून देतो. पैशाचं नको लिवू. उद्या माह्यावरच काही लागन.’ बसल्या बसल्या त्यांनी वही काढली, कारण उचल किती झाली हे मला दाखवायचं होतं. सालदाराने पाडव्यापासून घेतलेली रक्कम, तारीख, समोर अंगठा. पोरीच्या शाळेला पाचशे, पोळ्याला दोन हजार, बी भरायला तीन हजार, बायकोच्या दवाखान्याला पाच. वहीच्या पहिल्या पानावर सालाचा आकडा, १ लाख २० हजार, आणि खाली धान्य. धान्य धरून महिन्याला १२ हजारांच्या घरात जात होतं. ती वही त्याच्याकडून पैसे वसूल करण्यासाठी लिहिलेली. या माणसाचं काम काही किमतीचं होतं, हे सांगणारा जगातला एकुलता एक कागद तोच. काकाजी विचारात पडले. नंतर म्हणाले, ‘घेऊन जा. मी येतो साक्षीले.’ आणि आले.

विमा कंपनीच्या वकिलांनी जखमीला सभ्यपणे विचारलं, ‘तुमचं रेशनकार्ड कोणत्या रंगाचं?’ पिवळं. पिवळ्या कार्डाची मर्यादा वर्षाला १५ हजार. तहसीलचा उत्पन्न दाखला? तोही होता, पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला, त्यातला आकडा अजून केविलवाणा. मग महिन्याला १२ हजार कुठून आले? सरकारच्या प्रत्येक दारात गरीब माणसाला आपण गरीब असल्याचा कागद द्यावा लागतो, कमीत कमी आकड्याचा. आयुष्यभर तो जमवलेला असतो. अपघात झाल्यावर त्याच्याकडून पहिल्यांदाच कमाईचा कागद मागितला जातो आणि जुना कागद त्याच्याविरुद्ध उभा राहतो. फेरतपासणीत साहेबांनी काकाजींची वही दाखवली. शिवाय आम्ही रोजगार हमीचं जॉबकार्डही लावलं होतं. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोहयोची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. सरकारच जिथे दिवसाला २९७ देत होतं तिथे सालभर राबणारा माणूस १५ हजारांत वर्ष काढत होता, हे कुणाला पटावं?

हा आकडा इतका का महत्त्वाचा, ते गणिताने दाखवतो. महिन्याला १२ हजार, वर्षाला १ लाख ४४ हजार. चाळिशीच्या आतल्या, पक्की नोकरी नसलेल्याला भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, असं २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरलं. झाले २ लाख १ हजार ६००. गुणक १६. झाले ३२ लाख २५ हजार ६००. अपंगत्व ६० टक्के धरलं तर १९ लाख ३५ हजार ३६०. आता तेच उत्पन्न ६ हजार धरा. खालचा आकडा ९ लाख ६७ हजार ६८० होतो. पाय तोच, ट्रक तोच, रस्ता तोच. एका वहीवर साडेनऊ लाखांहून जास्त फरक.

यात ६० टक्क्यांचंही भांडण आहे. जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र शरीराचं अपंगत्व सांगतं. कमाई किती गेली हे सांगत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडला. हात तोडावा लागलेला सरकारी कारकून नोकरी करत राहू शकेल, पण चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच जाईल. म्हणून मला अजून एक पुरावा उभा करावा लागतो: हा माणूस काय काय करत होता. डवरणी, फवारणी, पोती उचलणं, बैल जुंपणं, रात्री वीज आली की ओलिताला जाणं. ही यादी मी त्याच्याकडून लिहून घेतली आणि प्रत्येक कामापुढे विचारलं, आता होईल का? फवारणीचा पंप पाठीवर घेऊन एका पायावर चिखलात कोण उभं राहील? डॉक्टरांच्या साक्षीत साहेबांनी तीच यादी एकेक करून विचारली. निकाल अजून व्हायचा आहे, पण ती यादी आता अभिलेखावर आहे.

या प्रकरणात मला शिकवलं ते त्याच्या बायकोने. सालदार घरी पडल्यापासून ती दोघांचं काम करत होती. तिचं नाव फाइलमध्ये कुठे लिहावं म्हणून मी जुने कागद बघत होतो. कुठल्यातरी दवाखान्यात तिने स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं होतं, त्याच्या कागदावर व्यवसाय ‘घरकाम’. मी विचारलं तर हसली. ‘घरी कोण बसते भाऊ? दिवाळीपासून वेचाले जातो मी. चाळीस किलो वेचतो.’ वेचणी किलोवर असते, किलोमागे दहा रुपयांच्या आसपास. त्याशिवाय निंदण, सोंगणी. तिला उद्या ट्रकने उडवलं तर कागदावर ती गृहिणी.

गृहिणीच्या कामालाही किंमत आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात ठासून सांगितलं, आणि त्याने बरंच बळ आलं. पण शेतमजूर बाईला दोन्ही मोजून मिळायला हवं, घरातलं आणि वावरातलं. त्यासाठी तिचं वावरातलं काम आधी दिसावं लागतं. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर मालकाच्या नावावर, कापसाची पट्टी मालकाच्या नावावर. शोधत गेलं तर बचत गटाचं पुस्तक सापडतं. दर महिन्याला भरलेले शंभर-दोनशे, शेळीसाठी घेतलेलं कर्ज, वेळेवर फेडलेले हप्ते. जिच्या नावाने हप्ते फिटतात ती कमावते, याहून सरळ पुरावा नाही. आता बाईच्या क्लेममध्ये मी ते पुस्तक आधी मागतो, आणि मुकादमाच्या वहीतली वेचणीच्या वजनांची पानं.

हे सगळं अपघातानंतरचं धावणं. त्यातलं बरंच टाळता येतं. म्हणून बाजाराच्या दिवशी ओळखीचं कुणी भेटलं, किंवा दवाखान्यातून फोन आला, की मी वकील, कलम, क्लेम यांपैकी काही सांगत नाही. इतकंच सांगतो: दवाखान्यात आणि ठाण्यात नाव, गाव, वय विचारून झालं की व्यवसाय विचारतील. जखमी बोलू शकत नसेल तर तुम्ही बोला. ‘मजुरी’ म्हणून सोडू नका. सालदार म्हणा, कोणाकडे ते सांगा. बाई असेल तर ‘घरकाम’ लिहू देऊ नका. कापूस वेचते, निंदते, सोंगते असं लिहायला लावा, आणि लिहिल्यावर वाचून दाखवायला सांगा. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, तिला कोर्टात आव्हानही दिलं गेलंय, पण त्या रकान्याची मुदत पहिल्या रात्रीपुरती असते. पुढचा प्रत्येक कागद त्या पहिल्या कागदावरून उतरवला जातो.